बेटावरची राजधानी आणि काठावरचे आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला सांगितलं, "सर, अर्धा तास बोला, आपल्या भागाबद्दल बोला, आणि जरा सोपं बोला." शाळेतला तास पस्तीस मिनिटांचा असायचा, त्यामुळे अर्ध्या तासाची सवय आहे. प्रश्न विषयाचा होता. माहुलीवर बोलावं, तर १६३६ साली शहाजीराजांनी लहानग्या निजामशहाला घेऊन माहुलीवरून मोगलांना कशी झुंज दिली, हे इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. दर पावसाळ्यात निम्मी सोसायटी माहुलीच्या पायथ्याशी भजी खात असते. म्हणून मी दुसरा विषय घेतला. तो तुमच्या आधार कार्डावर, लाइट बिलावर आणि सोसायटीच्या नोंदणीपत्रावर छापलेला आहे. पत्त्याच्या शेवटी काय लिहितो आपण? "तालुका शहापूर, जिल्हा ठाणे." मुरबाडचे माझे पाहुणे लिहितात, "तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे." हे ठाणे म्हणजे नक्की काय? आपल्याला ते स्टेशन म्हणून माहीत आहे, कोर्ट म्हणून, सिव्हिल हॉस्पिटल म्हणून माहीत आहे. पण हजार वर्षांपूर्वी ते एका राज्याची राजधानी होतं, आणि ती राजधानी बेटावर होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आहे.

बेट म्हटल्यावर काही जण हसले. पण रोज कसारा लोकलने जाणाऱ्यांनी आठवून बघा. कळवा मागे पडलं की गाडी एका पुलावर येते, खाली खाडीचं काळसर पाणी दिसतं, आणि पूल संपला की ठाणे स्टेशन. तो पूल ओलांडला की आपण खुष्की सोडून बेटावर आलेलो असतो. त्या बेटाचं नाव साष्टी. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. ठाणे, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही सगळी गावं या एकाच बेटावरची. साष्टी हा शब्द "षट्षष्टी" म्हणजे सहासष्ट यावरून आला, कारण इथे सहासष्ट गावं होती. हा शब्द पुस्तकातल्या पंडितांनी जुळवलेला नाही. शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८ चा, म्हणजे इसवी सन १०२६ चा ताम्रपट भांडुपला सापडला, त्यात "षट्षष्टी" हे नाव कोरलेलं आहे. हे षट्षष्टी "श्रीस्थानक" या ठिकाणाखाली येतं, असंही त्यात आहे. श्रीस्थानक म्हणजेच आपलं ठाणे.

आता हे शिलाहार कोण, ते सांगतो. परीक्षेला येणार नाही, घाबरू नका.

साधारण इसवी सन ८०० ते १२६५ अशी साडेचारशे वर्षं उत्तर कोकणावर एका मराठी मुलखातल्या घराण्याने राज्य केलं. हे लोक स्वतःला "तगरपुरवराधीश्वर" म्हणवून घेत, म्हणजे तगर नगरीचे स्वामी. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. पहिला राजा कपर्दी. तो राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. त्याचा मुलगा पुल्लशक्ती आणि नातू दुसरा कपर्दी यांच्या नावाचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत, इसवी सन ८४३ पासूनचे. त्यांच्या लेखांत राज्याचं वर्णन "पुरी जिच्या प्रमुखस्थानी आहे अशी कोकणची चौदाशे गावं" असं येतं. ही पुरी कुठली, यावर विद्वानांत वाद आहे. काही जण घारापुरी म्हणतात, काही जण राजपुरी म्हणतात. दोन्ही ठिकाणं समुद्राला लागूनच. पुढे मात्र ठाण्याचं नाव वरचढ झालं. इसवी सन १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात तो स्पष्ट लिहितो की कोकणची राजधानी ताना, समुद्रकाठी.

राजधानी बेटावर का ठेवली असेल? एक कारण संरक्षण. भोवती पाणी असलं की शत्रूला नावा लागतात. दुसरं कारण पैसा. जहाज खाडीतून थेट दारात येतं, आणि जकात तिथेच घेता येते. शिलाहारांचं राज्य जमिनीवरच्या सैन्यापेक्षा बंदरांवर उभं होतं. अनंतदेव राजाचा १०९४ सालचा ताम्रपट खारेपाटणला सापडला. त्यात त्याने आपल्या दोन मंत्र्यांना, ते सख्खे भाऊ होते आणि व्यापारीही होते, त्यांच्या जहाजांवरची जकात माफ केली आहे. कुठल्या बंदरांत? श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमूल्य. यातलं नागपूर विदर्भातलं नव्हे, किनाऱ्यावरचं. शूर्पारक म्हणजे नालासोपारा, चेमूल्य म्हणजे चौल. मंत्र्याला जकातमाफी, हे ऐकून कोणी काही बोलू नका. नऊशे वर्षं झाली त्याला.

या बंदरांत जगभरचे लोक येत. अरब प्रवासी अल मसुदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला. तेव्हा झंझ नावाचा शिलाहार राजा गादीवर होता. मसुदी लिहितो की एकट्या त्या बंदरात दहाएक हजार मुसलमान राहतात. हाच झंझ राजा बारा शिवमंदिरं बांधणारा म्हणून त्याच्या वंशजांच्या लेखांत गौरवला आहे. अपरादित्य राजाच्या नावावर याज्ञवल्क्य स्मृतीवरची "अपरार्क" ही मोठी टीका आहे. त्याने तेजकंठ नावाचा पंडित आपला दूत म्हणून काश्मीरला पाठवला होता. तिथल्या विद्वानांच्या सभेत तो हजर होता, असं मंख या काश्मिरी कवीने आपल्या काव्यात नोंदवलं आहे. ठाणे ते काश्मीर, बाराव्या शतकात! आणि आपण ठाण्याला जायचं म्हटलं की कंटाळतो.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? त्याची एक गोष्ट आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट सापडले. अरिकेसरी राजाचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७ चे. त्याचं भाषांतर लगेच पुढच्या वर्षी, १७८८ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात छापलं गेलं. म्हणजे हिंदुस्थानातले जुने लेख वाचायचे आणि छापायचे काम जेव्हा नुकतं सुरू होत होतं, तेव्हा पहिल्या काही लेखांत आपल्या ठाण्याचा लेख होता. जिल्ह्याचा हा मान आपल्या मुलांना सांगितला पाहिजे.

बरं, मग यात आपण कुठे? शहापूर, मुरबाड कुठे? कारण आपण काही बेटावर नाही. आपण पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. इथेच माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा आहे.

बेटावरच्या राजधानीला बंदर असतं, पण बंदरातून पाठवायला माल लागतो. तो बेटावर पिकत नाही. सहासष्ट गावांच्या भातावर साडेचारशे वर्षं राजधानी चालत नाही. माल घाटावरून यायचा आणि समुद्रावरून आलेला माल घाटावर जायचा. घाट चढायच्या वाटा कुठल्या? आपल्या दोन तालुक्यांतून जाणाऱ्या. एक वाट कसाऱ्याहून थळ घाटाने नाशिककडे, ती शहापूर तालुक्यातली. दुसरी मुरबाडहून वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाने जुन्नरकडे. या वाटा शिलाहारांच्याही आधीच्या. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, तो दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे कोरले आहेत. हिंदुस्थानातल्या सगळ्यांत जुन्या अंकलेखनांत त्यांची गणना होते. आजही घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा रांजण म्हणून लोक तो दाखवतात. आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथे जायची, आणि दर वेळी एक तरी मुलगा त्या रांजणात उतरायचा.

सातवाहनांच्या काळात या वाटा कल्याण आणि सोपाऱ्याला मिळायच्या. शिलाहारांच्या काळात ठाणे मोठं झालं, पण वाटा त्याच राहिल्या. मीठ वर जायचं, धान्य, कापूस, कापड खाली यायचं. माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत मुरबाडच्या रस्त्याने मिठाच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे जात, हे मी घरात ऐकलं आहे. राजे बदलले, बैलांनी वाट बदलली नाही.

राजधानीची मंदिरं पाहा कुठे आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा लेख असलेलं, मम्मुणी राजाच्या काळात पुरं झालेलं. ते बेटावर नाही, या बाजूला, वालधुनीच्या काठी आहे. लोनाडचं देऊळ भिवंडी तालुक्यात. इसवी सन ९९७ चा अपराजित राजाचा ताम्रपट आहे, त्यात लोणादित्य देवाच्या पूजेसाठी भादाणे गावाचं उत्पन्न दिलं आहे. भादाणे आजही आहे, लोनाडही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कागदावर, म्हणजे तांब्यावर, ज्या गावांची नावं आहेत, ती आज ग्रामपंचायतीच्या फलकावर आहेत. आपल्या भागात राजवाडे सापडत नाहीत म्हणून आपल्याला इतिहास नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला भादाणे दाखवा.

याच काळात आपली मराठी दगडावर उतरू लागली. अलिबागजवळ आक्षी इथे केशीदेवाच्या नावाचा मराठी शिलालेख आहे. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला. पुढे काही अभ्यासकांनी तो नंतरचा मानला. वाद असो, पण शिलाहारांच्या मुलखात, समुद्रकाठी, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत राजाज्ञा कोरली जात होती, हे तर खरं आहे. आणि त्या आज्ञा मोडणाऱ्याला शाप देणारे दगडही होते. त्यांना गधेगाळ म्हणतात. वर सूर्य-चंद्र आणि खाली असं चित्र, की त्याचं वर्णन मी मुलांसमोर करणार नाही. मोठ्यांना नंतर सांगेन. अर्थ एवढाच, की देवाला किंवा गावाला दिलेली जमीन जो लाटेल, त्याच्या घराण्याची अब्रू जाईल. सूर्य-चंद्र असेपर्यंत दान चालावं, अशी ती भाषा. सातबारा नसलेल्या काळातला तो सातबारा होता, फक्त शिवीसकट.

या राजधानीचा शेवटही पाण्यावरच झाला. शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या यादवांचा राजा महादेव हत्तींचं मोठं दळ घेऊन घाट उतरून कोकणात आला. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वराने जहाजांचा आसरा घेतला, आणि १२६५ च्या सुमारास तो समुद्रात बुडून मेला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलं आहे की महादेवाच्या रागाच्या आगीपेक्षा सोमेश्वराला समुद्रात बुडणं बरं वाटलं. बोरिवलीजवळ एकसर गावात वीरगळ आहेत, त्यांत वल्हवणाऱ्या जहाजांची लढाई कोरली आहे. ती याच लढाईची असावी असं बरेच अभ्यासक मानतात. दगडात कोरलेलं आरमारी युद्ध, लोकलने जाऊन बघता येईल इतक्या जवळ. या महिन्यात सोसायटीची सहल काढायची असेल तर वॉटर पार्कऐवजी एकसर सुचवतो. दोन्ही ठिकाणी पाणी आहेच.

पुढचं थोडक्यात सांगतो. १२९० च्या आसपास मार्को पोलो ताना राज्याबद्दल लिहितो. तिथल्या राजाचं आणि चाच्यांचं संगनमत आहे, लुटीतले घोडे राजाला आणि बाकी माल चाच्यांना, असं तो म्हणतो. म्हणजे शिलाहार गेले, पण समुद्रावरचा धंदा चालू होता, फक्त त्याची तऱ्हा बदलली. मग सुलतान आले, सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. इंग्रजांनी साष्टीच्या दक्षिणेच्या छोट्या बेटावर मुंबई वाढवली आणि ठाण्याची राजधानी कायमची गेली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली रेल्वे सुटली, ती ठाण्यापर्यंत. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल झाला आणि गाडी कल्याणला पोहोचली. १८६१ मध्ये ती कसाऱ्याला आली आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला. लक्षात आलं का? शिलाहारांच्या बैलांची वाट रेल्वेने धरली.

आता जरा लांब जाऊ या. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं बेट आहे. तिथे सलामिस नावाचं प्राचीन शहर होतं, त्या बेटाची राजधानी. आपल्या ठाण्यासारखंच, पूर्व किनाऱ्यावर, बंदर दारात. त्या बेटावरचं तांबं जगभर जायचं. इंग्रजीतला कॉपर हा शब्दच सायप्रसच्या नावावरून आला. पण तांबं सलामिसमध्ये नव्हतं. ते आत, त्रोओदोस डोंगरांच्या पायथ्याशी, खाणीत काम करणाऱ्या लोकांच्या गावांत होतं. बंदर गाळाने भरत गेलं तशी राजधानी पॅफोसला हलली. नंतर चौथ्या शतकात मोठे भूकंप झाले, शहर पुन्हा उभं केलं आणि ते पुन्हा राजधानी झालं. इसवी सन ६४९ च्या सुमारास अरबांचं आरमार त्या बेटावर आलं, आणि पुढे हळूहळू लोकांनी ते शहर सोडलं. गंमत अशी की त्याच काळात, इसवी सन ६३६-३७ मध्ये, अरबांचं आरमार आपल्या ठाण्यावरही आलं होतं. जगाच्या दोन टोकांना दोन बेटं, आणि दहा-बारा वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे तीच शिडं.

पण मला सलामिसची आठवण वेगळ्याच गोष्टीमुळे झाली. त्या राजधानीला पाणी पुरत नव्हतं. म्हणून पन्नासेक किलोमीटरवरच्या किथ्रिया गावाच्या झऱ्यांचं पाणी दगडी कालव्याने, कमानींवरून, शहरात आणलं होतं. त्या कमानींचे अवशेष आजही दिसतात. समुद्राने वेढलेलं शहर, आणि प्यायला डोंगरातल्या गावाचं पाणी.

मंडळी, ही गोष्ट आपल्याला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते ना?

तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. भातसा त्यानंतर जवळजवळ शतकाने. दोन्ही आपल्या शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पाण्याचा साधारण निम्मा वाटा एकट्या भातशातून जातो. पिसे आणि पांजरापूरहून ते पाणी पुढे बेटावर जातं. मुरबाडकडे बारवी. बारवीची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन आणि घरं पाण्याखाली गेली. ते पाणी खाली कारखान्यांना आणि शहरांना जातं. शिलाहारांच्या काळात आपल्या वाटेने मीठ आणि धान्य जात होतं, आज आपल्या पाइपांतून पाणी जातं. राजधानी बेटावर, आणि तिला जगवणारा मुलूख काठावर. हजार वर्षांत हा हिशेब बदललेला नाही.

यात मला मुंबईबद्दल राग नाही. आपल्यातल्या निम्म्यांची पोटं त्या बेटावर भरतात. आपली मुलं तिथे शिकली, नोकरीला लागली. शिलाहारांच्या काळातही इथला माणूस ठाण्याच्या बंदरात हमाली करायला, लाकूड विकायला जातच असणार. बेट आणि काठ दोघांनी एकमेकांना धरूनच राहायचं असतं. पण हिशेब दोन्ही बाजूंनी चुकता व्हावा लागतो. तानसा तलावाच्या आसपासच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन चालतात, आणि टँकर आला की रात्री उठून रांग लावतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या इमारतीत भांडी घासायला, झाडलोट करायला येणाऱ्या ताई त्याच पाड्यांवरून येतात. आपल्याकडे नळाला पाणी आलं नाही की त्यांना आधी कळतं, कारण त्यांना ते रोजच माहीत असतं.

आणि आपलं काय? आपल्या सोसायटीची पहिली मीटिंग झाली तेव्हा अठ्ठावीस सभासद होते, आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय पाणी होता. पंचवीस वर्षांनी परवाच्या वार्षिक सभेचा वृत्तांत काढून बघा, तिसरा विषय पाणीच आहे. मे महिन्यात आपण टँकर मागवतो. दोन मोठ्या धरणांच्या तालुक्यात राहून टँकर मागवणं, हे ऐकून शिलाहार राजाला काय वाटलं असतं, देव जाणे.

म्हणून शेवटी माझी विनंती. रौप्यमहोत्सवासाठी आपण वर्गणी काढली आहे. प्रवेशद्वारावर मोठी कमान बांधावी, नाव ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरावं, असा प्रस्ताव आहे. कमान चांगली दिसेल, मला मान्य आहे. दोन्ही करता आलं तर उत्तमच. पण निवड करायची वेळ आली, तर माझं मत ऐकून घ्या. आपल्या तिन्ही इमारतींच्या गच्चीवर पावसाळ्यात जे पाणी पडतं, ते सगळं पाइपने गटारात जातं. शहापूरच्या पावसाबद्दल मी तुम्हाला काय सांगू? चार महिन्यांत कपडे वाळत नाहीत आपल्याकडे. ते पाणी गाळून आपल्या जुन्या विहिरीत आणि बोअरिंगच्या बाजूच्या शोषखड्ड्यात सोडता येईल. खर्च कमानीपेक्षा कमी येईल, असा अंदाज आपल्यातल्याच एका इंजिनियर दादांनी लेखी दिला आहे, तो खजिनदारांकडे आहे. आणि विहिरीला पाणी टिकलं, तर मे महिन्यात कंपाउंडच्या बाहेर एक नळ ठेवू या, पाड्यावरच्या बायकांसाठी. उपकार म्हणून नाही. आपण इथे काठावरच राहतो, आणि त्या आपल्या शेजारी आहेत.

दुसरी विनंती मुलांना. आजूबाजूच्या गावांत देवळामागे, तळ्याच्या काठी, शेताच्या बांधावर कोरलेले दगड पडलेले असतात. कुणी त्यावर कपडे धुतो, कुणी शेंदूर लावतो. शेंदूर लावलेला परवडला, निदान जपला तरी जातो. असा दगड दिसला तर फोटो काढा, गावाचं नाव लिहा, आणि हलवू नका. सूर्य-चंद्र दिसला तर मला फोन करा. नाहीतर ठाण्याच्या किंवा मुंबईच्या संग्रहालयात दाखवा. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खणताना ताम्रपट मिळाला तो एका कामगाराच्या कुदळीला. पुढचा कदाचित आपल्यातल्या एखाद्याच्या मोबाइलला मिळेल.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. हजार वर्षांच्या हिशेबात ती एका श्वासाएवढी. पण इथे जन्मलेली मुलं आता कॉलेजात जातात, पहिल्या मीटिंगला असलेले काही सभासद आज आपल्यात नाहीत, त्यांची आठवण आजच्या दिवशी सगळ्यांनाच येत असेल. सोसायटी म्हणजे काय, तर एकमेकांच्या आधाराने टिकणारं गाव. सहकाराचा अर्थच तो. शिलाहारांनी दानपत्रात सूर्य-चंद्र कोरले, आपण नियमावलीवर सह्या केल्या. मागणं एकच, की आपल्यामागे राहणाऱ्याला पाणी मिळावं आणि नाव टिकावं.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी, म्हणजे सुवर्णमहोत्सवासाठी, सर्वांना शुभेच्छा. तोवर मी नसेन, पण विहीर असेल अशी आशा आहे.  चहा तयार आहे असं महिला मंडळाकडून खूण झाली आहे, तेव्हा थांबतो.

 जय महाराष्ट्र.